म्यानाचं माप

संस्कृतात 'कोश' म्हणजे तलवारीचं म्यान, आणि शब्दांचा साठा म्हणजेही कोशच. मराठीनं यातला दुसरा अर्थ ठेवला आणि पहिल्यासाठी फारसीचं दार ठोठावलं. फारसीत 'मियान' म्हणजे मध्य, आणि कंबरसुद्धा. वस्तू कुठे बांधायची ते शब्दानंच सांगून टाकलं! आज मी बोलणार आहे ते घरी केलेल्या म्यानाबद्दल. तेही चामड्याच्या नव्हे, प्लॅस्टिकच्या.

माझा एक भाचा रत्नागिरी जिल्ह्यात आंब्याची कलमं बांधतो. कोय कलमाचं काम ऐन पावसातलं. हाताला चीक, पायाखाली चिखल, आणि चाकूला धार अशी की दाढी करावी. ती तशी लागतेच, काप एका ओढीत झाला नाही तर सांधा जुळत नाही. हा चाकू ठेवायचा कुठे? त्याच्या जोडीचा एक गडी वर्तमानपत्रात गुंडाळून खिशात ठेवायचा. कागद भिजला, हात खिशात गेला आणि तळहात उघडला. पाच टाके पडले, हंगाम घरी बसून गेला. रोजावरच्या माणसाचा हंगाम म्हणजे काय, ते वेगळं सांगायला नको.

कोकणात कोयती अडकवायला कमरेला लाकडी आकडी असते. पण तिच्यात पातं उघडंच राहतं आणि कलमाचा छोटा चाकू तिच्यात टिकत नाही. चामडं पावसात ओल धरतं, त्याला बुरशी येते, आत पातं गंजतं. मग भाच्यानं थर्मोप्लॅस्टिकची पत्री मागवली. तापवली की मऊ, निवली की कडक, असा तिचा स्वभाव. यातली नावाजलेली पत्री म्हणजे 'कायडेक्स'. अॅक्रिलिक आणि पीव्हीसी यांचं हे मिश्रण अमेरिकेत १९६५ साली निघालं, ते विमानाच्या आतल्या सजावटीसाठी. पुढे तिकडच्या हौशी लोकांनी ते घरच्या घरी तापवून चाकूची म्यानं आणि पिस्तुलांची होल्स्टर करायला घेतलं. होल्स्टरची एक गोष्ट मला महत्त्वाची वाटते. त्यात पत्रीनं घोड्याची जागा पूर्ण झाकलीच पाहिजे आणि साचा घ्यायचा तो भरलेल्या हत्याराचा कधीही नाही. जाणते कारागीर त्यासाठी प्लॅस्टिकची नकली पिस्तुलं वापरतात. आपल्याला चाकू पुरे.

कृती ऐकायला सोपी आहे. साधारण दोन मिलिमीटर जाडीची पत्री घ्यायची. पात्यावर कागदी चिकटपट्टीचे दोन-तीन थर द्यायचे. तेवढीच आत मोकळीक राहते. पत्री दीडशे अंशांच्या पुढे तापली की ओल्या चामड्यासारखी लोंबते. हातमोजे घालून ती पात्याभोवती दुमडायची, जाड फोमच्या दोन तुकड्यांत आणि दोन फळ्यांमध्ये घालून क्लॅम्पनं आवळायची. मग थांबायचं. पंधरा मिनिटं हात लावायचा नाही, आणि माझ्या मते सगळ्यात अवघड भाग हाच. नंतर कडेला भोकं पाडून पोकळ रिव्हेट ठोकायचे, कडा पॉलिशपेपरनं घासायच्या. टोकाला एक बारीक भोक ठेवायचं, म्हणजे आत गेलेलं पाणी निथळतं. वाळूचा कण मात्र आत राहिला तर पात्यावर ओरखडे उठतात. अधूनमधून म्यान धुवावं लागतं.

एक मात्र बजावून सांगतो. हे काम स्वयंपाकाच्या ओव्हनमध्ये किंवा बंद खोलीत करू नका. पीव्हीसी जास्त तापून करपलं की हायड्रोजन क्लोराइड सुटतो, डोळे आणि घसा चरचरतो. जुन्या पाइपचा तुकडा चुलीवर धरून म्यान करणारेही मी पाहिलेत. त्यांच्या हिकमतीचं कौतुक आहे, त्या धुराचं नाही.

खरी कसोटी पुढेच. चाकू आत घालून म्यान उलटं धरायचं आणि झटकायचं. चाकू पडला तर ढिलं. ओढताना दुसरा हात लावावा लागला तर घट्ट, आणि हे जास्त धोक्याचं, कारण जोरात ओढलेलं पातं कुठे जाईल सांगता येत नाही. नीट जमलेल्या म्यानात चाकू मुठीजवळच्या फुगवट्यापाशी 'टक्' करून बसतो आणि अंगठ्याच्या एका दाबानं सुटतो. पात्याला घट्ट पकडून चालत नाही, त्यानं धार जाते. पकड मुठीपाशीच हवी.

एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत, ही म्हण इथे अक्षरशः खरी होते. भाच्याचा चाकू झिजला. त्याच लोहारानं त्याच मापाचा दुसरा करून दिला, तरी तो जुन्या म्यानात बसेना. सुताएवढा फरक होता. भाच्यानं रिव्हेट काढले आणि म्यान पुन्हा तापवलं. त्या पत्रीला आपला पहिला आकार आठवतो. दुमड हळूहळू सुटली आणि ती बरीचशी सपाट झाली. मग त्यानं नव्या चाकूवर चिकटपट्टी चढवायला घेतली.