मूळ पुरुषाचा शोध
(ज्ञातिसंमेलनातील भाषण)



वंशावळ असावी ती राजेरजवाड्यांची, अशी समजूत आपल्यात रूढ आहे. बांध घालून खाडीचे पाणी अडविणाऱ्या, खारजमिनीत भात आणि आगरात मीठ पिकविणाऱ्या आगरी पूर्वजास कसला इतिहास, असे आपणच म्हणत आलो. ही समजूत आता टाकावयास हवी.

कै. नारायण नागू पाटील यांचे चरित्र पाहावे. १८९२ साली जन्मलेल्या या पुरुषाने १९३३ मध्ये अलिबाग तालुक्यातील चरी येथे खोतांविरुद्ध संप उभा केला. पंचवीस गावांनी खोतांच्या जमिनी न कसण्याचा निर्धार १९३९ पर्यंत पाळला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी पाठिंबा दिला आणि १९३७ साली विधिमंडळात खोती नष्ट करण्याचे विधेयक मांडले. १९४९ च्या कायद्याने खोती गेली. पुढाऱ्याचे नाव इतिहासात राहिले. परंतु सहा वर्षे पोटाला चिमटा घेऊन ज्यांनी शब्द पाळला, त्या कर्त्या पुरुषांची व माउलींची नावे घरच्या स्मरणातच आहेत. आणि स्मरण ठेवणारी माणसे एकेक करून जात आहेत.

आपल्या नवी मुंबईत तर हा शोध अधिकच निकडीचा आहे. १९७० साली सिडकोची स्थापना झाली, पंचाण्णव गावांच्या जमिनी संपादनात आल्या, आणि जमिनीबरोबर सातबाऱ्यावरील नावही गेले. तथापि जुन्या फेरफारांत ते सापडते. मालक म्हणून खोताचे वा सावकाराचे नाव दिसल्यास निराश होऊ नये. कूळ म्हणून आपला पूर्वज ‘इतर हक्कां’त असू शकेल. तोंडी करारावर कसणाऱ्याचे नाव तेथेही नसते. अशा वेळी १ एप्रिल १९५७ च्या कृषकदिनानंतरचे फेरफार पाहावेत, कारण त्या दिवसापासून कसणारे कूळ कायद्याने मालक मानले गेले. शाळेचे दाखले, जन्ममृत्यूच्या नोंदी आणि नाशिकच्या तीर्थोपाध्यायांच्या वह्या यांच्याशी तो ताडून पाहावा. आजीचे माहेर मात्र कागदांत क्वचितच मिळते. ते वडीलधाऱ्यांनाच विचारावे.

जानेवारी १९८४ मध्ये जासई परिसरात पाच जणांनी प्राण वेचले. कै. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील त्या लढ्यातून साडेबारा टक्के भूखंडांची योजना आली. त्या भूखंडांसाठी घरोघर वारसांचे कागद गोळा झाले. ते आजही कपाटांत असतील. हिस्सा ठरविण्यापुरताच त्यांचा उपयोग झाला. भाऊबंदांत वादही झाले. तेच कागद आता सर्व भाऊबंदांनी एकत्र बसून वाचावेत. कोणाच्या वाट्यास किती आले, हे विसरून हे सारे कोणाचे वंशज, एवढेच पाहावे.

पुढील संमेलनास प्रत्येक घराने आपल्या मूळ पुरुषाविषयी एक पान लिहून आणावे. जमीन पुन्हा मिळणार नाही. नाव मात्र राखता येईल, आणि ते राखणे आपल्याच हाती आहे.