तान्ह्या पोळ्यात कडेला उभा राहिलेला मुलगा

आजचा भाग थोडा जड आहे, पण शेवटपर्यंत ऐका. सुरुवात मात्र आपल्या आवडत्या विषयापासून करू.

आपल्या सिंदी (रेल्वे)चं नाव काढलं की लोक दोनच गोष्टी विचारतात. एक, नावात 'रेल्वे' काहून? आणि दुसरी, तुमच्याकडचा तान्हा पोळा! पोळ्याचा दुसरा दिवस, लाकडी बैल, मोठमोठे सजवलेले नंदी, नवे कपडे घातलेली लेकरं आणि घरोघरी मिळणारा बोजारा. लहान मुलांसाठी अख्खं गाव रस्त्यावर येतं, असा हा दिवस.

मी सहावीत असतानाची गोष्ट. आमच्या वर्गातला एक मुलगा त्या गर्दीत कडेला उभा होता. बैल नाही, नवा शर्ट नाही, सोबतही कोणी नाही. तो वर्गात झोपायचा. गृहपाठ कधीच नसायचा. केस वाढलेले, पायाला महिनाभर न बरी होणारी जखम. आम्ही त्याला 'आळशी' म्हणायचो. घरी आई नव्हती, आणि बाप संध्याकाळी शुद्धीत नसायचा. वर्धा जिल्ह्यात दारूबंदी आहे, पण दारू मिळते हे आपल्याला माहीतच आहे. शेजारच्यांना सगळं ठाऊक होतं. सगळे म्हणायचे, "दुसऱ्याच्या घरचं आहे भाऊ, आपल्याले काय करा लागते?"

सातवीनंतर तो शाळेत आला नाही. मग कुठे गेला, ते आम्ही कोणी विचारलंही नाही.

मित्रांनो, त्याला कोणी मारलं नव्हतं. म्हणून कोणाच्या डोळ्यांवर आलं नाही. याला म्हणतात मुलांची हेळसांड. मार दिसतो, वळ दिसतो. पण वेळेवर न मिळालेलं जेवण, न झालेला औषधोपचार, "आज शाळेत काय झालं?" असं कोणीच न विचारणं, हे दिसत नाही.

मग हे का होतं? आईबाप वाईट असतात म्हणून? दरवेळी नाही. कापूस-सोयाबीन बुडालं, कर्ज वाढलं, घरातला कर्ता माणूस गेला. आई पहाटे मजुरीला, थोरली पोरगी धाकट्याला सांभाळायला घरी. कुठे व्यसन, कुठे नैराश्य. आणि खाऊन-पिऊन सुखी घरातही होतं बरं का! लेकराच्या हातात मोबाइल दिला, आपण आपल्या मोबाइलमध्ये. दोघं एका खोलीत, पण बोलणं शून्य.

परिणाम? रोमानियातल्या अनाथालयांतल्या मुलांवर 2000 सालापासून एक मोठा अभ्यास झाला. तिथे अन्न होतं, छप्पर होतं, पण जवळ घेणारं, बोलणारं माणूस नव्हतं. त्या मुलांच्या मेंदूच्या वाढीवरच परिणाम झालेला दिसला. आशेची गोष्ट अशी की ज्यांना लवकर, साधारण दोन वर्षांच्या आत, कुटुंबात ठेवलं, ती मुलं जास्त सावरली. म्हणजे माया ही चैन नाही, लेकराची गरज आहे. आणि मदत जितकी लवकर, तितकी चांगली.

आता कामाचं ऐका. 2015 च्या बाल न्याय कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या मुलाची जाणूनबुजून हेळसांड करणं हा गुन्हा आहे. तीन वर्षांपर्यंत कैद, एक लाख रुपये दंड किंवा दोन्ही होऊ शकतं. पण शिक्षा हा पहिला उपाय नाही. बऱ्याच घरांना आधार हवा असतो. एक पालक गेलेला असेल किंवा पालक गंभीर आजारी असेल, तर बालसंगोपन योजनेत मुलामागे महिन्याला 2250 रुपये मिळू शकतात. त्यासाठी जिल्हा महिला व बालविकास अधिकारी कार्यालयात अर्ज करायचा. फॉर्म भरणं त्या आजीला जमत नसेल, पण तुमच्या हातात स्मार्टफोन आहे ना? भरून द्या.

आणि लेकरू धोक्यात वाटलं तर 1098. चोवीस तास, फुकट. अनेकांना भीती वाटते, फोन केला तर पोराला उचलून नेतील. तसं नाही. बाल कल्याण समिती आधी चौकशी करते, आणि मुलाला संस्थेत ठेवणं हा शेवटचा पर्याय, हे कायद्यातच लिहिलंय.

फोनच्याही आधी करता येण्यासारखं खूप आहे. शेजारच्या लेकराला "जेवला का रे?" विचारा. अंगणवाडीताईंच्या, गुरुजींच्या कानावर घाला. त्याच्या आईला दोन तास मोकळे द्या. थकलेल्या बापाशी भांडू नका, आधी त्याच्याजवळ बसा.

मी तेव्हा अकरा वर्षांचा होतो. मला 1098 माहीत नव्हता. पण माझ्याकडे दोन बैल होते, आणि एक त्याला देता आला असता. ते अजून टोचतं.

येत्या तान्ह्या पोळ्याला व्हिडिओ जरूर काढा. फक्त एकदा कॅमेरा खाली करून कडेला कोण उभं आहे, ते बघा. भेटू पुढच्या भागात. काळजी घ्या, स्वतःची आणि शेजारच्या लेकराचीही!