विद्येची भिशी
(मंडळाच्या वर्धापनदिनाच्या समारंभात केलेले भाषण)



वर्धापनदिनी एखाद्या उपयुक्त विषयावर बोलावे, अशी आज्ञा चिटणीसबाईंनी मला केली. उपयुक्त म्हटले की पापड-लोणची, मुलांचे संगोपन किंवा आरोग्य हे आपले ठरलेले विषय. मी निवडलेला विषय ऐकून त्या क्षणभर माझ्या तोंडाकडे पाहतच राहिल्या. संगणकाचे प्रोग्राम लिहिणारी माणसे ठिकठिकाणी आपसांत ज्या सभा भरवतात आणि तेथे एकमेकांना जे विनामूल्य शिक्षण देतात, त्याविषयी मी आज बोलणार आहे. "अहो, पण आपल्या मंडळाचा आणि त्याचा काय संबंध?" असे त्यांनी विचारले. संबंध आहे, आणि फार जवळचा आहे. तो सांगून झाला की मंडळापुढे एक मागणी ठेवणार आहे.

हा विषय माझ्या घरात कसा शिरला ते प्रथम सांगते. माझी एक भाची माझ्याकडे राहते. पदवी घेतल्यावर तिने सॉफ्टवेअरचे काम शिकायचे ठरवले आणि जाहिरात पाहून एका क्लासात नाव घातले. फी चाळीस हजार रुपये. तिच्या आईने, म्हणजे माझ्या धाकट्या बहिणीने, हातातल्या पाटल्या गहाण ठेवून ती भरली. सहा महिन्यांनी मुलीच्या हाती एक रंगीत प्रमाणपत्र आले. परंतु वहीत उतरवलेला प्रोग्राम जसाच्या तसा घातला तरच चालायचा. त्यात एक शब्द बदलायचा म्हटले की मुलगी रडकुंडीला यायची. क्लासाचे नाव मी घेत नाही. कोणाला काही न विचारता पैसे भरले, हा दोष आमचाही होताच.

पुढे एका मैत्रिणीकडून तिला कळले की अंधेरीला शनिवारी संध्याकाळी एका कचेरीच्या जागेत अशी सभा भरते. नाव नोंदवले की पुरे, फी नाही. 'फी नाही' हे ऐकून मला संशय आला. मी म्हटले, "मी बरोबर येते." ती म्हणाली, "मावशी, तुला तिथे काही कळायचं नाही." मी म्हटले, "माणसं तर कळतील!"

गेलो. पन्नास-साठ तरुण मंडळी होती, त्यांत मुली सात-आठ. एकाने उभे राहून आपण केलेले काम पडद्यावर दाखवले. नंतर पाच-पाच मिनिटांची लहान भाषणे झाली. मला नवल वाटले ते याचे, की बोलणारा प्रत्येक जण आपले कौतुक थोडे आणि आपली चूक जास्त सांगत होता. "मी इथे दोन दिवस अडकलो, तुम्ही अडकू नका," अशी ती भाषा. चहाच्या वेळी माझ्या भाचीने धीर करून आपला लॅपटॉप उघडला. शेजारच्या एका मुलीने पाहिले आणि हसून म्हणाली, "अगं, या ओळीच्या शेवटी दोन टिंबं राहिलीत." आपल्या विसर्गासारखी दोन टिंबे! पायथन नावाच्या संगणकाच्या भाषेत काही ओळींच्या शेवटी ती द्यावीच लागतात. पण तिने नुसती चूक दाखवून सोडले नाही. संगणक चूक झाल्यावर जो निरोप देतो तो कसा वाचायचा, हे तिने दहा मिनिटांत समजावले. सहा महिन्यांत जे कोणी सांगितले नव्हते ते त्या दहा मिनिटांत मिळाले, आणि त्या मुलीने त्याबद्दल चहाचा कपसुद्धा घेतला नाही.

परतताना गाडीत मी विचार करत बसले, की ही माणसे असे का करतात? मग माझ्या लक्षात आले की हे तर आपल्याला नवे नाहीच. चकलीची भाजणी बिघडली तर आपण शेजारणीकडे जातो. ती मोहन किती घालायचे ते सांगते, फी मागत नाही. उद्या तिचा टाका अडला की ती आपल्याकडे येते. आपल्या भिशीत प्रत्येकीने टाकायचे आणि पाळीपाळीने प्रत्येकीने उचलायचे. ही विद्येची भिशी आहे. फरक एवढाच की पैशाची भिशी उचलली की डबा रिकामा होतो. ही कितीही उचलली तरी रिकामी होत नाही.

ही प्रथा या धंद्यात पहिल्यापासून आहे. १९५५ साली अमेरिकेत लॉस एंजेलिसच्या परिसरातील, आयबीएम कंपनीचे मोठे संगणक वापरणारे लोक एकत्र आले. प्रत्येक ठिकाणी तेच तेच प्रोग्राम नव्याने लिहिले जात होते. एकाने लिहिलेले दुसऱ्याला द्यावे म्हणून त्यांनी 'शेअर' नावाची संघटना काढली. शेअर म्हणजे वाटून घेणे. आपल्याकडे मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत देशी बनावटीचा संगणक तयार झाला. १९६२ साली पंडित नेहरूंनी त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. त्यानंतर तीनच वर्षांनी, १९६५ साली, देशात संगणक बोटांवर मोजण्याइतके असताना, ते वापरणाऱ्यांच्या एका लहानशा गटातून कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही संस्था उभी राहिली. १९७५ च्या मार्चमध्ये कॅलिफोर्नियात मेन्लो पार्क या गावी एका घराच्या गॅरेजमध्ये तीसेक हौशी मंडळी जमली. त्यांत स्टीव्ह वॉझ्नियाक हा तरुण होता, आणि अॅपल कंपनीचा पहिला संगणक त्याने याच मंडळींना दाखवला. तेव्हा गॅरेजमध्ये भरलेल्या सभेला कोणी कमी लेखू नये!

फार दूर जायला नको. पुण्यात लिनक्स वापरणाऱ्यांच्या गटाने सिंबायोसिसच्या संगणक संस्थेत दरमहा सभा भरवल्या. त्याच संस्थेत विद्यार्थ्यांनी 'ग्नूनिफाय' नावाचा मेळा वर्षानुवर्षे भरवला. पायथन वापरणाऱ्यांचे अखिल भारतीय संमेलन २००९ साली बंगळुरूला सुरू झाले आणि २०११ साली ते पुण्यात भरले. ही लिनक्स आणि पायथन दोन्ही अशी आहेत की ती घ्यायला पैसे पडत नाहीत, आणि त्यांचे आतले लिखाण कोणीही उघडून वाचावे, सुधारावे, दुसऱ्याला द्यावे. वस्तूच मोकळी असल्यामुळे तिचे शिक्षणही मोकळेपणाने देता येते.

आता कोणी म्हणेल, हे पुरुषांचे क्षेत्र आहे. भगिनींनो, १९४५-४६ च्या सुमारास अमेरिकेत 'एनिअ‍ॅक' नावाचा अवाढव्य संगणक तयार झाला, त्याचे प्रोग्राम बसवणाऱ्या सहाही जणी स्त्रिया होत्या. माणसाला समजेलशा खुणांनी लिहावे आणि यंत्राच्या भाषेतले रूपांतर यंत्रानेच करावे, या दिशेने १९५२ साली ज्यांनी पाऊल टाकले त्या ग्रेस हॉपरही स्त्रीच. तेव्हा क्षेत्र आपले होतेच. मधल्या काळात आपण त्यातून बाजूला पडलो. २०१४ साली पोलंडच्या दोन मुलींनी बर्लिन शहरात स्त्रियांसाठी विनामूल्य वर्ग भरवला. त्याचे नाव 'जँगो गर्ल्स'. पद्धत अशी की तीन शिकणाऱ्यांमागे एक शिकवणारी, आणि शिकवण्याचे पुस्तक सर्वांना मोकळे. म्हणून देशोदेशी कोणालाही तो वर्ग भरवता आला.

मग आपल्या मुली का जात नाहीत? माझ्या भाचीचेच सांगते. ती चार वेळा गेली, पाचव्या वेळी गेली नाही. सभा संपल्यावर मंडळी जी घोळक्याने बोलत उभी राहतात, तेथेच कामाची ओळख होते आणि अडलेले सुटते. पण ती वेळ आली की आमची मुलगी घड्याळ बघणार. अंधेरीहून विरारची गाडी पकडणे म्हणजे काय हे मी तुम्हांला सांगायला नको. येथे उतरून पुन्हा रिक्षा. रात्री मी गॅलरीत उभी, आणि घरातून "कशाला हवीत ती फुकटची सभासंमेलने?" हा आवाज. मुलीने कोणाशी भांडण केले नाही. नुसती गेली नाही.

आपल्यापैकी अनेकींना आठवत असेल, १९९२ साली चर्चगेट ते बोरिवली अशी महिलांची खास गाडी सुरू झाली आणि पुढच्या वर्षी ती विरारपर्यंत आली. त्याआधी विरारच्या बायकांना नोकरी करण्याची इच्छा नव्हती का? होती, बसायला जागा नव्हती. येथेही तसेच आहे. इच्छा आहे, बुद्धी आहे, शिक्षण फुकट आहे. फक्त जागा साठ किलोमीटरच्या मार्गावर कोठेतरी भलत्याच टोकाला आहे.

म्हणून माझी मागणी अशी. महिन्यातून एका शनिवारी दुपारी तीन ते पाच, पाण्याची वेळ सांभाळून, मंडळाची ही खोली अशा सभेसाठी द्यावी. शिकवणार कोण, हा प्रश्न तुमच्या ओठांवर आला असेल. पवईच्या आयआयटीमध्ये प्राध्यापक कण्णन मौदगल्य यांनी सुरू केलेला 'स्पोकन ट्यूटोरियल' नावाचा उपक्रम आहे. त्यात सुमारे दहा-दहा मिनिटांचे पाठ आहेत, आणि त्यांतले पुष्कळ मराठीतून ऐकता येतात. पाठ लावायचा, थोडा ऐकायचा, थांबवायचा, आणि तेच आपल्या संगणकावर करून पाहायचे. चुकले तर मागे जाऊन पुन्हा ऐकायचे. प्रत्येकीने कानाला आपापला हेडफोन लावला की एका खोलीत एक जण पहिला पाठ आणि दुसरी पाचवा पाठ बिनदिक्कत करू शकते. जवळ तज्ज्ञ नसला तरी शिकता यावे, अशीच त्याची रचना आहे. घरोघरी असलेले चार-पाच लॅपटॉप आणले की सुरुवात होईल. शिवाय आपल्या आळीतल्या ज्या मुली रोज या कामासाठी गोरेगाव-अंधेरीला जातात, त्यांतल्या एकीने महिन्याला दोन तास दिले तरी पुष्कळ झाले. माझ्या भाचीने पहिल्या तीन जणी पत्करल्या आहेत.

दोन-तीन गोष्टी मात्र स्पष्ट सांगितल्या पाहिजेत. फुकट म्हणवणारे सगळेच निर्मळ असते असे नाही. काही ठिकाणी पहिला दिवस फुकट असतो आणि दुसऱ्या दिवशी महागड्या अभ्यासक्रमाची गळ घालतात. त्याची खूण सोपी आहे: चूक विचारली तर जो उत्तर देतो तो शिकवणारा, चूक विचारली तर जो फीचा तक्ता काढतो तो दुकानदार. अशांना आपल्या खोलीत थारा देऊ नये, आणि आपल्या मुलींचे फोन नंबर कोणाला वाटू नयेत. दुसरे, या सभेला आले म्हणजे नोकरी लागली, असे कोणी समजू नये. येथे प्रमाणपत्र मिळणार नाही. समज मिळेल, आणि अडल्यावर कोणाला विचारायचे ती माणसे मिळतील. तिसरे, 'फुकटाला किंमत नसते' ही आपली म्हण नव्हे तर आपली खोड आहे. फी घेणार नाही, पण नियम एक ठेवू: जी तीन वेळा शिकून जाईल तिने चौथ्या वेळी नव्या मुलीजवळ बसावे. भिशीत हप्ता चुकवत नाहीत, तसाच हा हप्ता चुकवायचा नाही.

शनिवारी भजन असते, शिवणाच्या यंत्रांना जागा लागते, विजेचे बिल वाढेल, या अडचणी मला ठाऊक आहेत. भजनी मंडळाच्या भगिनींशी मी बोलले; महिन्यातला एक शनिवार अर्धा तास उशिरा बसायला त्यांची हरकत नाही. पहिल्या सहा महिन्यांचे वीज आणि चहा मी देईन. सहा महिन्यांनी खोलीत चार मुलीही दिसल्या नाहीत, तर मीच पुढे होऊन ही सभा बंद करा म्हणेन.

माझ्या भाचीला आता एक लहानशी नोकरी लागली आहे. पगारातून ती दरमहा आईच्या पाटल्यांचे हप्ते फेडते. पाटल्या अजून सुटलेल्या नाहीत. मागच्या महिन्यात पापडखिंडीच्या तलावाकडे फिरायला गेले असता आपल्याच एका शेजारणीने मला बाजूला घेऊन विचारले, "तुमच्या मुलीने केला तो क्लास कसा आहे हो? आमचीला घालावं म्हणते. मंगळसूत्र तात्पुरतं ठेवीन." त्या बाई आज या सभेत बसल्या आहेत. त्यांना त्या दिवशी मला नीट उत्तर देता आले नाही. मैत्रिणींनो, ते उत्तर आज मंडळाने द्यावे: बाई, मंगळसूत्र गळ्यातच असू द्या, आणि शनिवारी मुलीला आपल्या खोलीवर पाठवा.