लिंकचं कमिशन आणि घरची चटणी

सध्या आम्ही कुठल्याही गटाच्या बैठकीला गेलो की एक प्रश्न हमखास येतो. "ताई, मोबाइलवर लिंक पाठवली की घरबसल्या पैसे मिळतात म्हणे, खरं का?" कुणाच्या भाचीनं सांगितलेलं असतं, कुणी व्हिडिओ बघितलेला असतो. आणि मग हळूच दुसरा प्रश्न येतो, "त्यासाठी गटातून कर्ज काढलं तर चालेल का?" या दुसऱ्या प्रश्नामुळेच आज हा विषय घेतला आहे.

या कामाला ॲफिलिएट मार्केटिंग म्हणतात. नाव मोठं आहे, काम आपल्या ओळखीचं आहे. आपण चार बायकांना घेऊन तालुक्याच्या साडीच्या दुकानात गेलो, त्यांनी खरेदी केली, की दुकानदार आपल्याला साडीमागं काहीतरी सोडतो. तसंच हे. ऑनलाइन दुकान आपल्याला आपल्या खात्याची एक लिंक देतं. त्या लिंकवरून कुणी वस्तू घेतली तर ठरलेले टक्के आपल्या खात्यात येतात. वस्तू परत केली तर कमिशनही परत. म्हणजे प्रकार खोटा नाही. त्यात भांडवल लागत नाही, माल खराब होत नाही, आणि खाते उघडायला पैसेही लागत नाहीत. तेव्हा कर्ज कशासाठी, हे आधी विचारा.

आता हिशोब मांडू. समजा पाचशे रुपयांची वस्तू आहे आणि कमिशन ५ टक्के. एका विक्रीला २५ रुपये मिळाले. महिन्याला हजार रुपये हवे असतील तर चाळीस जणींनी तुमच्याच लिंकवरून घ्यायला हवं, आणि ठेवूनही घ्यायला हवं. मोबाइलसारख्या महाग वस्तूवर टक्के आणखी कमी असतात. ॲमेझॉनच्या योजनेत तर लिंक दाबल्यावर साधारण २४ तासांच्या आत खरेदीला हात घातला तरच ती तुमची धरतात. स्वतःसाठी घेतलेल्या वस्तूवर काही मिळत नाही. पहिल्या १८० दिवसांत तीन विक्री झाल्या नाहीत तर खाते बंद होतं. शिवाय फेसबुकचं पान, यूट्यूबचं चॅनेल असं सगळ्यांना दिसणारं ठिकाण नोंदवावं लागतं. ज्यांचे व्हिडिओ हजारो लोक बघतात त्यांना हे परवडतं. गावातल्या साठ-सत्तर ओळखींवर ते चालत नाही.

तरी कुणाला करायचं असेल तर जरूर करा. एखादीचं शिवणकामाचं चॅनेल असेल, ती कात्री, मोजपट्टी, मशीनचं तेल दाखवत असेल, तर लिंक दिल्यानं तिचं काही बिघडत नाही. आमचं म्हणणं एवढंच, की स्वतः वापरलेल्या वस्तूचीच लिंक द्या आणि "यातून मला कमिशन मिळतं" हे आपल्या भाषेत स्पष्ट सांगा. तसं सांगावं, असं केंद्र सरकारच्या ग्राहक व्यवहार खात्यानं जानेवारी २०२३ मध्ये काढलेल्या सूचनांतही आहे. सरकारचं राहू द्या. कुकर महिन्यात बिघडला तर जाऊबाई कंपनीला फोन करत नाहीत, तुमच्या दारात येतात.

दुसऱ्याच्या साड्यांचे फोटो पाठवून वर आपला नफा लावणं, हाही असाच प्रकार. त्यात रंग वेगळा निघाला की बोलणी आपण खायची.

आता कर्जाच्या प्रश्नाकडे येऊ. जिथं आधी पैसे मागतात ते लिंकचं काम नसतं. ही फसवणूक कशी चालते ते नीट ऐका. मेसेज येतो: व्हिडिओ लाइक करा, हॉटेलला चांगला शेरा द्या, दिवसाला इतके रुपये. पहिल्या दिवशी दीडशे-दोनशे रुपये खरोखर जमा होतात, आणि तिथंच आपला विश्वास बसतो. मग टेलिग्रामच्या ग्रुपमध्ये घेतात. तिथं बाकीचे रोज "मला मिळाले, मला मिळाले" असं लिहीत असतात. ते बहुतेक त्यांचेच लोक. मग "मोठं काम" येतं: हजार भरा, तेराशे घ्या. पुढं पाच हजार, मग वीस. पडद्यावर आपली रक्कम वाढलेली दिसते, पण काढायला गेलं की "आधी कर भरा" म्हणतात. बाई घरात सांगत नाही, गटातून उचल घेते आणि ती रक्कमही तिथंच जाते. हप्ता थांबला की गटातल्या दहाजणींना ते निस्तरावं लागतं.

याहून वाईट एक प्रकार आहे. "तुमचं बँक खाते आम्हाला वापरू द्या, येणाऱ्या पैशावर कमिशन घ्या." ते पैसे दुसऱ्या कुणाला तरी लुबाडून आणलेले असतात. पोलीस पहिल्यांदा त्या खात्याच्या मालकिणीकडे येतात आणि खाते गोठवलं जातं. स्वतःचं असो की गटाचं, पासबुक, एटीएम कार्ड, सिम कुणाच्याही हातात देऊ नका, भाऊबंद असला तरी. आणि पैसे घ्यायला यूपीआयचा पिन कधीच लागत नाही. पिन मागितला म्हणजे आपल्या खात्यातून पैसे जाणार. पैसे गेलेच तर लाजत बसू नका, लगेच १९३० ला फोन करा. पैसे पुढं सरकण्याआधी कळलं तर ते अडवता येतात.

मग मोबाइलचा उपयोग काय? आमच्या मते आपला स्वतःचा माल विकायला. शेंगदाण्याची चटणी घ्या. समजा किलोला शेंगदाणे, लसूण, तिखट, गॅस मिळून २१० रुपये आणि चार पाकिटं-लेबलांचे २० गेले. म्हणजे पाव किलोचं पाकीट साडेसत्तावन्न रुपयांना पडलं. ते ९० ला विकलं तर साडेबत्तीस उरतात, त्यातच आपली मजुरी. एका पाकिटाला एवढे! फक्त कुरिअरचा खर्च धरायला विसरू नका. एकच पाकीट लांब पाठवलं तर नफा वाटेतच संपतो. म्हणून पुण्या-मुंबईला असलेल्या आपल्या गावच्या लोकांकडून आठवडाभर मागणी गोळा करा आणि एका सोसायटीचा माल एकत्र पाठवा. व्हॉट्सॲप बिझनेस फुकट आहे, त्यात फोटो, वजन, किंमत लावून मालाची यादी ठेवता येते.

खाण्याचा माल असेल तर एफएसएसएआयची नोंदणी करा. वर्षाची उलाढाल ठरलेल्या मर्यादेच्या आत असेल तर परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरते. लेबलवर घटक, वजन, किंमत, बनवल्याची तारीख, कधीपर्यंत चांगलं राहील ते, पत्ता, नोंदणी क्रमांक आणि शाकाहारी मालाची हिरवी खूण हवी. बाजूच्या गटाची चटणी चांगली असून सोसायटीतल्या बाईनं घेतली नाही, तारीख नव्हती म्हणून. मोठ्या ऑनलाइन दुकानांवर माल चढवायचा असेल तर जीएसटीचं बघावं लागतं. १ ऑक्टोबर २०२३ पासून वर्षाला ४० लाखांच्या आत उलाढाल असलेल्यांना राज्यातल्या राज्यात माल विकायला जीएसटी नोंदणीची सक्ती नाही, मात्र पोर्टलवरून नावनोंदणीचा क्रमांक घ्यावा लागतो. बचत गटांसाठी ग्रामविकास मंत्रालयाचं ई-सरस आहे, त्याबद्दल उमेदच्या ताईंना विचारा.

पुढच्या भागात पाकिटाचं लेबल कसं करायचं ते सांगू. तोवर घरात जो पदार्थ बनवता त्याचा किलोमागचा खर्च वहीत लिहून ठेवा. गॅस आणि स्वतःची मजुरीसुद्धा लिहा. ती बहुतेकजणी सोडतात.