वाडा कुठे बसलाय?

श्रोतेहो, डीएनएस म्हणजे काय आणि डीएचसीपी म्हणजे काय हे सांगत बसलो, तर माझी मिनिटं तिथेच संपतील. घरात कॅमेऱ्यांचा रेकॉर्डर आहे किंवा फोटो साठवायचा छोटा सर्व्हर आहे, बाहेरगावाहून तो नावाने गाठायचा आहे आणि राउटर बंद-चालू झाला की आयपी पत्ता बदलतो, असं दुखणं असलेल्यांशीच आज बोलतोय. उपाय तुम्ही केलेला असणार. डीडीक्लायंटसारखा प्रोग्राम बसवलात, पत्ता बदलला की तो नावाची नोंद बदलतो. इथवर सगळे येतात आणि इथेच थांबतात. टीटीएल किती ठेवलाय, असं विचारलं की समोरचा गप्प.

दिवाळीनंतर देशावरचे धनगर मेंढ्या घेऊन कोकणात उतरतात, ते तुम्ही पाहिलं असेल. वाडा आज या शिवारात, चार दिवसांनी ओढ्यापलीकडे. खतासाठी शेतात मेंढ्या बसवायच्या तर शेतकरी फाट्यावरच्या चहाच्या टपरीत विचारतो, वाडा कुठे आहे? वाड्यातल्या कुणीतरी टपरीवाल्याला नवी जागा सांगितलेली असली म्हणजे झालं. हे सांगणारा पोरगा म्हणजे तुमचा डीडीक्लायंट. पण सोमवारी टपरीवर विचारून गेलेला शेतकरी गावात जातो, आणि मग गावातले लोक टपरीवर येतच नाहीत, त्यालाच विचारतात. तो बिचारा खोटं बोलत नाही. ऐकलं तेच सांगतो. मधल्या काळात वाडा हललाय, टपरीवाल्याला ते ठाऊकही आहे, तरी अख्खं गाव जुन्या जागी जाऊन रिकाम्या हाताने परततं. टपरीवाल्याने सोमवारीच बजावायला हवं होतं, "दुपारपर्यंत धरून चाला, मग परत येऊन विचारा." हे बजावणं म्हणजे टीटीएल.

प्रत्येक नोंदीसोबत तो सेकंदांत लिहिलेला असतो. १९८७ च्या आरएफसी १०३५ पासून आहे, काही नवीन नाही. तिथे ८६४०० असेल तर तो पूर्ण दिवस झाला. तुमच्या प्रोग्रामने मिनिटाभरात नोंद बदलली तरी पुण्यातल्या भावाचा फोन उद्यापर्यंत जुन्याच पत्त्यावर जाऊ शकतो. आणि तो जुना पत्ता कंपनीने एव्हाना दुसऱ्याच ग्राहकाला दिलेला असू शकतो! तुमच्या कॅमेऱ्याचं ॲप परक्याच्या दारात जाऊन पासवर्ड सांगत बसेल. जोडणी एन्क्रिप्ट केलेली नसेल तर विचार करा.

मग लोक काय करतात? पत्ता बदलल्यावर धावत जाऊन टीटीएल कमी करतात. अहो, उपयोग काय? जे आधी विचारून गेले, त्यांच्या कानात जुनी मुदतच आहे. टीटीएल आधी कमी करायचा. पुन्हा सांगतो, पत्ता बदलण्याच्या आधी. साठ सेकंद, फार तर तीनशे. डायनॅमिक डीएनएसच्या सेवा बहुधा तो कमीच ठेवतात. घोळ होतो तो स्वतःचं डोमेन असलेल्यांचा. त्यांनी स्वतःच्या नावावर सीनेम ठेवून ते सेवेच्या नावाकडे वळवावं. सीनेम बदलत नाही, त्याची मुदत लांब असली तरी चालेल. ज्या ए नोंदीत पत्ता आहे, तिची मात्र आखूड हवी.

तपासायचं तर डिग वापरा. पण तुमच्या डोमेनच्या मूळ सर्व्हरलाच विचारा, म्हणजे टपरीवाल्यालाच. मधल्या रिझॉल्व्हरला, म्हणजे त्या शेतकऱ्याला, विचारलंत तर उतरत जाणारा उरलेला आकडा दिसेल आणि वाटेल, वा, कमीच आहे की!

स्वतःचा नेमसर्व्हर चालवणाऱ्यांसाठी एक. आधी जुनी नोंद काढायची, मग सवडीने नवी घालायची, हे करू नका. मधल्या क्षणी कुणी विचारलं तर उत्तर मिळतं, असा वाडाच नाही. तेही लोक लक्षात ठेवतात, आणि ती मुदत वेगळीकडे, एसओए नोंदीत लिहिलेली असते. १९९७ च्या आरएफसी २१३६ नुसार काढणं आणि घालणं एकाच संदेशात करता येतं. झालं तर दोन्ही, नाहीतर काहीच नाही. एनएसअपडेट हेच करतो. टीसिगची किल्ली लावायला विसरू नका, नाहीतर कुणीही येऊन तुमचा वाडा हलवेल.

याच्या उलट दर मिनिटाला सेवेला कळवत बसणारे उत्साही लोकही आहेत. पत्ता तोच, तरी सांगतात. सेवा 'बदल नाही' म्हणते, पुन्हापुन्हा म्हणते आणि शेवटी नावच अडवते. टीटीएल कमी ठेवा म्हणालो, त्याचा अर्थ टपरीवाल्याचं डोकं खा असा नाही.

वेळ होत आली. राउटरमध्ये दिसणारा बाहेरचा पत्ता १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल, तर यातलं काहीच लागू पडणार नाही. तुम्ही सीजीनॅटच्या मागे आहात, तो पत्ता अनेक घरांच्या मिळून असलेल्या व्यवस्थेतला आहे आणि नोंद कितीही ताजी असली तरी बाहेरून दार नाही. कंपनीकडे सार्वजनिक पत्ता मागा, किंवा आयपीव्ही६ मिळतंय का बघा. त्यात नोंद क्वाड-ए, आणि तिथे राउटरचा नव्हे तर खुद्द सर्व्हरचाच पत्ता कळवायचा असतो, शिवाय तात्पुरते पत्ते म्हणून एक भानगड... लाल दिवा लागला.