उथळ पाण्यातील जहाज
७ ऑगस्ट १९९२ च्या रात्री अमेरिकेच्या मॅसॅच्युसेट्स किनाऱ्याजवळ ‘क्वीन एलिझाबेथ २’ हे प्रवासी जहाज खडकावर घासले. नकाशात खोली ३९ फूट. जहाजाचा तळ ३२ फुटांवर. मग सात फूट गेले कोठे? खडक नकाशाहून उंच निघाले, हे एक कारण. दुसरे आपण समजून घेऊ. जहाज पुढे सरते, तसे पाणी मागे वाहते. उथळ जागी तळाखालची वाट अरुंद, म्हणून पाणी तेथून वेगाने धावते. त्याचा दाब घटतो आणि जहाज खाली बसते. वेग दुप्पट केला, तर हे बसणे सुमारे चौपट! ते जहाज ताशी सुमारे २५ सागरी मैलांनी धावत होते. समुद्राचा तळ आपल्याला खोल करता येत नाही. वेग मात्र आवरता येतो.