भातुकली आणि बोलणं



घरात मूल बोलू लागलं की सारं घर बोलू लागतं. पण दोन वर्षं होत आली तरी मूल नुसतं बोट दाखवून मागतं, शब्द काढत नाही, असं झालं की आईच्या जिवाला घोर लागतो. सासूबाई म्हणतात, "याचा बापही उशिराच बोलला." मग कुणीतरी बाजारातून बटण दाबलं की गाणारं खेळणं आणून देतं. आज तुमच्याशी बोलायचं आहे ते या खेळण्यांविषयीच.

एक गोष्ट आरंभीच सांगते. खेळणं मुलाला बोलायला शिकवत नाही; खेळण्याच्या पलीकडे बसलेलं माणूस शिकवतं. गाणारी बाहुली सगळं स्वतःच बोलून मोकळी होते. मुलाला बोलायला जागाच उरत नाही. त्यापेक्षा पोळ्याचा मातीचा बैल बरा. तो हंबरत नाही, म्हणून त्याच्या वतीनं मुलालाच हंबरावं लागतं!

तेव्हा तो बैल घ्या आणि मुलासमोर जमिनीवर बसा. तुमचं तोंड त्याला दिसलं पाहिजे. बैल पाण्यावर न्या, म्हणा, "बैल पाणी पितो." मग थांबा. मनातल्या मनात पाच अंक मोजा. हे थांबणंच आपल्याला जमत नाही. मुलानं 'बै' म्हटलं, तरी ते बोलणंच आहे. "बैल म्हण, नीट म्हण," असा तगादा लावू नका. "हो, बैल! बैल दमला," असं म्हणून त्याच्या एका शब्दाला तुमचा एक शब्द जोडा. मूल जोडलेलं ऐकतं आणि पुढं केव्हातरी स्वतः जोडतं.

तान्ह्याला पदराआडून 'बुवा-कुक' करा. आपली पाळी आली की आवाज काढायचा, हे ते तिथंच शिकतं. वर्षाच्या मुलाला वाटी, झाकण आणि पळी द्या. 'आत', 'बाहेर', 'पडलं', 'संपलं' हे शब्द त्यातूनच येतात. दोन वर्षांच्या पुढं भातुकली मांडा. "पाहुणे आले, त्यांना काय वाढायचं?" असं विचारा आणि उत्तराची वाट पाहा. यासाठी वेगळा वेळ नको. तुम्ही भाकरी थापत असता तेव्हा पिठाचा एक गोळा त्याच्याही हाती द्या. मात्र तीन वर्षांच्या आतल्या मुलाजवळ चिंचोके, मणी, शेंगदाणे ठेवू नका. ते घशात अडकतात.

मोबाईलवरच्या चित्रांचंही त्या बाहुलीसारखंच आहे. दोन वर्षांखालच्या मुलाला पडद्यासमोर बसवूच नये, असा सल्ला जागतिक आरोग्य संघटनेनं 2019 साली दिला आहे.

आता शिक्षक आणि अंगणवाडीताईंसाठी दोन शब्द. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी 1945 साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं. महागडी साधनं खेड्यात परवडणार नाहीत, हे ओळखून त्यांनी परिसरात मिळणाऱ्या वस्तूंमधून साधनं तयार केली आणि मुलं शाळेत येईनात, तेव्हा शाळाच त्यांच्या अंगणात नेली. ही दृष्टी आपणही ठेवू. मुलाच्या घरी अहिराणी असेल, वारली असेल, वऱ्हाडी असेल, तर पालकांना त्याच बोलीत खेळू द्या. घरची बोली पक्की झाली की पुढची भाषा तिच्यावर उभी राहते.

शेवटची गोष्ट महत्त्वाची. एका वाडीतल्या मुलीला सगळे 'मुकी' म्हणत. दिवसभर गुण्यागोविंदानं खेळायची, पण शब्द नाही. एकदा तिच्या पाठीमागं कुणी खुळखुळा वाजवला. इतर मुलांनी माना वळवल्या, तिनं वळवली नाही. तपासणीत कळलं, तिला ऐकूच कमी येत होतं. कानाला यंत्र बसलं आणि काही महिन्यांनी भातुकलीत बसून ती 'दे' म्हणाली. दोन वर्षं मात्र वाट पाहण्यात गेली होती.

म्हणून खेळताना लक्ष ठेवा. मूल आवाजाकडे वळत नसेल, वर्षाचं होऊनही हाकेला ओ देत नसेल, दीड वर्षात एकही शब्द नसेल, दोन वर्षांत 'आई ये' असे दोन शब्द जोडत नसेल किंवा आलेले शब्द विसरत असेल, तर थांबू नका. खुळखुळ्यानं शंका येते, निदान होत नाही. कान डॉक्टरांकडूनच तपासून घ्या. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक अंगणवाडीत येतं. ही तपासणी मोफत असते. अंगणवाडीताईंना ते केव्हा येणार हे विचारा; त्याला अवकाश असेल तर सरळ सरकारी दवाखाना गाठा.

आज संध्याकाळी दिवेलागणीला एवढंच करा. एक वाटी, एक झाकण घ्या, मुलासमोर बसा. एक वाक्य बोला आणि थांबा. पुढची पाळी त्याची आहे.